आधी नोट्स सोडा, नाशिक नंतर

पत्र : मी निफाड तालुक्यातली. नाशिक शहरातल्या एका महाविद्यालयात द्वितीय वर्ष कला शाखेत शिकते. मुख्य विषय समाजशास्त्र. बारावी विज्ञान शाखेतून झाले, पण विषय मनापासून आवडतो म्हणून इकडे आले. घरी द्राक्षबाग आहे, थोडा कांदा असतो. वर्गात पटावर साठ-सत्तर नावे आहेत, तासाला दहा-पंधराजण बसतात. मॅडम नोट्स सांगतात, आम्ही उतरवून घेतो आणि परीक्षेत तेच लिहितो. गुण चांगले पडतात, पण मला काही येते असे वाटत नाही. पुण्यात आयटीत असलेला चुलतभाऊ म्हणतो, नाशिकच्या बीएला बाहेर कोणी विचारत नाही, निदान तिसऱ्या वर्षाला पुण्याला ये. मामा म्हणतात, बीए नुसती पात्रतेपुरती, आत्तापासून एमपीएससीचा क्लास लाव. क्लासचा पहिला हप्ता या महिनाअखेर भरायचा आहे. वडील काहीच बोलत नाहीत. पदवी झाली की स्थळे पाहायची, असे आईने सांगून ठेवले आहे. मला एमए करायचे आहे, पण इंग्रजी पुस्तक हातात घेतले की दोन पानांत घाम फुटतो. कला शाखा घेऊन मी चूक केली का? पुण्याला जाऊ का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमचे प्रश्न वेगवेगळे दिसत असले, तरी ते सगळे ज्या एका गोष्टीला येऊन मिळतात ती तुम्ही ओघात लिहून गेला आहात : गुण चांगले पडतात, पण आपल्याला काही येते असे वाटत नाही. पुष्कळांना ही जाणीव पदवी हातात पडून चार-पाच वर्षे उलटल्यावर, एखाद्या मुलाखतीत निरुत्तर झाल्यावर होते. तुम्हाला ती दुसऱ्या वर्षीच झाली, हे बरे झाले. कला शाखा घेऊन तुम्ही चूक केलेली नाही. आवडतो म्हणून हा विषय घेणारे थोडेच असतात. बाकीच्या अनेकांना घरच्यांनी ‘आर्ट्‌सला टाकलेले’ असते. मात्र सध्या ज्या पद्धतीने तुम्ही समाजशास्त्र शिकत आहात, ती तशीच बरोबर घेऊन पुण्याला गेलात, तर बदल फक्त घरभाड्यात होईल. म्हणून आधी नोट्स सोडाव्यात आणि नाशिक सोडायचेच असेल तर एमएच्या वेळी सोडावे, असा माझा सल्ला आहे.

चुलतभावाचे म्हणणे आधी तपासून घेऊ. १९४९ साली स्थापन झालेल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे महाराष्ट्रातले कार्यक्षेत्र पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर असे तीन जिल्ह्यांचे आहे. संलग्न महाविद्यालय आपल्या गंगापूर रोडवर असो की पुण्यातल्या कर्वे रस्त्यावर, अभ्यासक्रम तोच, विद्यापीठाची परीक्षा तीच आणि पदवी प्रमाणपत्रही त्याच विद्यापीठाचे. स्वायत्त महाविद्यालये अभ्यासक्रम व परीक्षा स्वतः ठरवतात, पण पदवी त्यांनाही विद्यापीठाचीच द्यावी लागते. तेव्हा ‘नाशिकची बीए’ अशी वेगळी, कमी दर्जाची पदवी कागदावर तरी अस्तित्वात नाही. शिवाय तिसऱ्या वर्षी महाविद्यालय बदलायचे म्हणजे विषयांचे गट जुळवा, श्रेयांकांचा हिशेब लावा, कागदपत्रांसाठी दोन्हीकडे खेटे घाला, आणि नव्या शहरात रुळेपर्यंत पाचवे सत्र संपलेले असते. एवढा खटाटोप एका वर्षासाठी करू नये.

पुण्यात जे खरोखर आहे त्याबद्दल मात्र तुमच्या भावाचे चुकत नाही. विद्यापीठाच्या आवारातले जयकर ग्रंथालय, १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ग्रंथालय, डेक्कन कॉलेज, आणि वर्षभर चालणारी व्याख्याने व चर्चासत्रे हे सगळे नाशिकला मिळत नाही. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तुमच्यासारखेच प्रश्न पडलेली चार मुले-मुली तेथे एका बाकावर सापडतात. पण ग्रंथालयात काय मागायचे हे ज्याला ठाऊक असते त्यालाच त्याचा उपयोग होतो. ते ठाऊक झाले की मे महिन्याच्या सुट्टीत, आपल्या महाविद्यालयाचे पत्र घेऊन, भावाकडे आठवडाभर उतरून वाचनाची परवानगी मागता येईल. भावाच्या आग्रहाचा सध्या एवढा उपयोग करून घ्या.

आता नोट्सकडे येते. मॅडमवर राग धरून काही साधणार नाही. कित्येक महाविद्यालयांत प्राध्यापकांची मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त आहेत आणि त्या जागी तासिका तत्त्वावर नेमलेले शिक्षक शिकवतात. त्यांना मानधन तासांवर मिळते, सुट्टीच्या महिन्यांत ते थांबते, आणि घर चालवण्यासाठी काहींना सकाळी एका आणि दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात धावावे लागते. समोर बसलेले दहा-पंधराजणही रोज वेगळे, मग कालच्या तासाचा धागा आज कोणाबरोबर पुढे न्यायचा? अशा वेळी सांगणे आणि उतरवून घेणे सगळ्यांनाच सोयीचे पडते. प्रश्नपत्रिकेतले प्रश्न थोड्याफार फरकाने फिरून येत असल्यामुळे गुणांनाही त्याची झळ लागत नाही. नुकसान होते ते वेगळ्याच ठिकाणी. ‘सामाजिक संस्था’ या प्रकरणाखाली तुमच्या वहीत अर्थ, दोन-तीन व्याख्या, वैशिष्ट्ये आणि कार्ये असे मुद्दे असतील आणि ते चुकीचेही नसतील. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर शोधताना कोणीतरी ते मुद्दे मांडले, तो प्रश्न वहीत उतरलेला नसतो. प्रश्न नसताना उत्तर पाठ झाले, म्हणूनच आपल्याला काही येत नाही असे तुम्हाला वाटते, आणि ते वाटणे खरे आहे.

हा प्रश्न नाशिकमध्ये बसून कसा दिसतो, ते एका उदाहरणाने सांगते. पांडवलेण्यांत तुम्ही सहलीला गेला असालच. तेथील २४ लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात त्याने भिक्षुसंघासाठी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ३,००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) ठेव ठेवल्याची नोंद आहे : एका श्रेणीकडे २,०००, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते. या लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला राहणाऱ्या, २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ द्यायचे असे लेख सांगतो, म्हणजे बरोबर २४०. (वर्षाला बारा आणि नऊ टक्के, गावच्या सोसायटीच्या दराशी ताडून पाहायला हरकत नाही.) आता वही बाजूला ठेवून विचारा. राजाच्या जावयाने ही रक्कम राजाच्या खजिन्यात न ठेवता विणकरांकडे का ठेवली असेल? आज कारभार पाहणारे विणकर मेल्यावरही त्यांच्या मागचे लोक व्याज देत राहतील, हा भरवसा त्याला कशाच्या जोरावर वाटला? दोन श्रेणींचे दर वेगळे का? दुसऱ्या प्रश्नाशी थोडे झगडलात की माणसे बदलली तरी व्यवहार चालू ठेवणारी जी काही व्यवस्था समाज उभी करतो, तिच्यापाशी तुम्ही येऊन पोहोचता. आणि मग व्याख्या पाठ करावी लागत नाही, उलट छापील व्याख्येत काय कमी आहे तेही दिसू लागते. हा इतिहासाच्या विभागाचा विषय म्हणून सोडून देऊ नका. विषयांच्या भिंती वेळापत्रकासाठी असतात.

याच्याही पुढची गोष्ट तुमच्या घराच्या बांधावर आहे. नव्या अभ्यासक्रम रचनेत क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक आहेत, आणि त्याचे काय होते हे तुम्हाला माझ्याहून चांगले माहीत असेल : झेरॉक्सच्या दुकानातून मागच्या तुकडीचा प्रकल्प येतो, मुखपृष्ठावरचे नाव बदलते आणि स्पायरल बाइंडिंग होऊन तो सादर होतो. तुम्ही तसे करू नका, कारण प्रादेशिक विद्यापीठात शिकण्याचा जो एक निखळ फायदा आहे तो नेमका येथेच मिळतो. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत निफाड-दिंडोरीच्या बागांत पेस्ट लावणे, फेलफूट काढणे, डिपिंग, विरळणी ही कामे करायला पेठ, सुरगाणा, हरसूल या भागांतून आदिवासी मजुरांच्या टोळ्या येतात. एकरी उक्ता दर ठरतो, कोठे मुकादम मध्ये असतो, कोठे उचल आधीच दिलेली असते. कुटुंबे बागेतल्या शेडमध्ये राहतात, होळीला गावी परततात आणि पावसाळ्यात आपल्या वावरात भात-नागली लावतात. २०११च्या जनगणनेनुसार ६१ लाख लोकसंख्येच्या आपल्या जिल्ह्यात सुमारे एक चतुर्थांश लोक अनुसूचित जमातींचे आहेत. मार्च २०१८ मध्ये वनजमिनींचे हक्क आणि इतर मागण्यांसाठी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या मोर्चात याच तालुक्यांतले लोक मोठ्या संख्येने होते. दिल्लीच्या एखाद्या नामांकित विद्यापीठातला विद्यार्थी हा विषय घेईल तेव्हा त्याला निधी, दुभाषी आणि ओळखीची माणसे शोधावी लागतील. तुम्हाला तालुक्याच्या एसटीत बसायचे आहे.

हे काम कसे करावे तेही सांगते, कारण ‘क्षेत्रभेट’ म्हटले की आपल्याकडे बॅनर धरून काढलेला फोटो एवढाच अर्थ होतो. पंधरा-वीस कुटुंबे पुरेत. प्रश्न थोडे ठेवा : दर कोण ठरवतो, दर ठरताना टोळीतल्या बाया बोलतात का, पैसे कोणाच्या हातात पडतात, उचल कशासाठी घेतली होती, मुले गावी कोणाकडे असतात आणि त्यांची शाळा किती दिवस बुडते, आजारी पडल्यास दिवसाचे काय होते. उत्तरे त्यांच्याच शब्दांत, त्याच दिवशी संध्याकाळी लिहून काढा. प्रश्नावलीतल्या चौकटीत न बसणारे उत्तर गाळू नका, बहुधा तेच कामाचे असते. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा : स्वतःच्या बागेतल्या मजुरांपासून सुरुवात करू नका. तुम्ही मालकाची मुलगी आहात. दर बरोबर आहे का, असे तुम्ही विचारल्यावर समोरची बाई ‘बरोबर आहे ताई’ असेच म्हणणार, आणि ते उत्तर तुम्ही खरे मानून प्रकल्पात लिहिलेत तर सगळा खटाटोप फुकट जाईल. दुसऱ्या गावात जा, आणि वर्गात सुरगाण्याकडची एखादी मैत्रीण असेल तर तिला बरोबर घ्या. कोकणा बोलीत जे बोलणे होईल ते तुमच्या प्रमाण मराठीत होणार नाही. त्या मैत्रिणीला मदतनीस समजू नका. प्रकल्प दोघींच्या नावावर करा, कारण या विषयातली जाणकार ती आहे. आपण ज्यांचा अभ्यास करतो त्यांच्याशी आपले नाते काय, ते नाते उत्तरांना कसे वळण देते, हा संशोधन पद्धतीच्या पेपरातला मुद्दा तुम्हाला वहीत एका ओळीचा वाटला असेल. मालकाची मुलगी म्हणून तो एकदा अनुभवलात की त्यावर दहा पाने लिहिता येतील.

वाचनासाठी नाशिक वाटते तितके ओसाड नाही. १८४० साली स्थापन झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाचे, म्हणजे सावानाचे, सभासदत्व आधी घ्या. १८८३ साली प्रसिद्ध झालेले नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर आज संगणकावर फुकट वाचता येते. त्यात तुमच्या तालुक्याची पिके, जाती, बाजार, सावकारी यांची वर्णने आहेत, आणि इंग्रज अधिकाऱ्याने ती कोणासाठी व का लिहून घेतली हा विचार करत ती वाचावीत. जनगणनेची जिल्हा पुस्तिका गावनिहाय आकडे देते. गंगापूर धरणाच्या बाजूला असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९पासून मराठीत अभ्याससाहित्य तयार केले आहे. ते एकट्याने वाचून समजावे अशा बेताने लिहिलेले असते आणि बाजारातल्या गाईडपेक्षा पुष्कळ बरे असते. संज्ञा अडली तर मराठी विश्वकोश पाहावा. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या संग्रहात खुले आहेत. आपल्या जिल्ह्यावरचे दोन-तीन डाउनलोड करून घ्या आणि त्यांतले चांगले कोणते, उरकलेले कोणते, हे ओळखायला शिका. उरकलेलेही सापडतील.

इंग्रजीबद्दल तुम्ही लाजून लिहिले आहे, तसे वाटण्याचे कारण नाही. आपल्या विद्यापीठात कला शाखेची उत्तरे मराठीत लिहिता येतात आणि मराठीत विचार करून उत्तम समाजशास्त्र लिहिता येते. डेक्कन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या इरावती कर्वे यांनी मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आयुष्यभर लिहिले. परंतु इंग्रजी वाचता न येणे ही समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याची मोठी अडचण आहे, आणि मातृभाषेच्या अभिमानापोटी ती कोणी झाकून ठेवू नये. सुरुवात जाडजूड पाठ्यपुस्तकाने करू नका. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात जातिसंस्थेवर एक निबंध वाचला होता. तो लहान आहे, मुद्देसूद आहे, आधीच्या अभ्यासकांची मते एकेक करून घेत आणि खोडत पुढे जातो, आणि विषय तुमच्या रोजच्या ओळखीचा आहे. शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या पहिल्याच खंडात तो मिळेल. रोज एक परिच्छेद वाचायचा, शब्दकोश लागेल तेवढा वापरायचा, आणि पुस्तक मिटून त्या परिच्छेदाचे म्हणणे मराठीत तीन-चार ओळींत लिहायचे. दीड-दोन महिन्यांत निबंध संपेल. त्यानंतर यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाचा एखादा लेख घ्या. सुरगाण्याच्या पलीकडे, दक्षिण गुजरातमध्ये, हंगामी मजुरांचा अभ्यास त्यांनी १९६०च्या दशकापासून केला आहे, आणि तुमच्या प्रकल्पातली माणसे तुम्हाला त्यात भेटतील. ओळखीच्या विषयावरचे इंग्रजी लवकर सुटते, असा अनुभव पुष्कळांचा आहे. ‘स्पोकन इंग्लिश’च्या वर्गाने हे काम होत नाही, तो वर्ग वेगळ्या कामाचा.

मामांच्या सल्ल्यात तथ्य आहे, पण तो अर्धा आहे. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेसाठी लाखो उमेदवार बसतात आणि पदे काही शे असतात, तेव्हा तेवढ्या एका दाराशी पदवीची तीन वर्षे तारण ठेवू नयेत. दुसरे म्हणजे २०२५पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. पर्याय निवडण्याच्या जागी सलग उत्तरे लिहायची आहेत, निबंध आहे आणि वैकल्पिक विषयाच्या दोन प्रश्नपत्रिका आहेत. समाजशास्त्र हा त्या वैकल्पिक विषयांपैकी एक आहे. याचा अर्थ असा की, ज्याने पदवीच्या वर्षांत खरोखर वाचले, स्वतःच्या शब्दांत लिहिले आणि एक तरी गाव नीट पाहिले, त्याची निम्मी तयारी बीए करतानाच झालेली असते. पदवीकडे दुर्लक्ष करून क्लासमध्ये वेगळ्या रंगाच्या नोट्स उतरवून घेतल्या, तर आज ज्या गोष्टीची तुम्ही तक्रार करत आहात तीच तुम्ही शुल्क भरून पुन्हा विकत घ्याल.

एमएचा विचार करताना मात्र नोकरीचे चित्र स्वच्छ दिसले पाहिजे. प्राध्यापक व्हायचे म्हणून एमए, असा बेत असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. नेट वर्षातून दोनदा होते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट आपलेच विद्यापीठ घेते. त्या उत्तीर्ण झालेल्या कितीतरी जणांची उमेदीची वर्षे तासिका तत्त्वावर चालली आहेत. ही शक्यता तुमच्याही वाट्याला येऊ शकते, असे धरूनच पाऊल टाका. दुसरीकडे, ग्रामीण विकास आणि आरोग्य क्षेत्रातल्या संस्था, सर्वेक्षण करणाऱ्या संशोधन संस्था, पत्रकारिता, अनुवाद, बी.एड. करून शाळा, अशा जागा आहेत, आणि तेथे कोणी विद्यापीठाचे नाव फारसे विचारत नाही. तुम्ही केलेले काम दाखवा, असे म्हणतात. तेव्हा एक्सेलमध्ये सारणी करणे, साधे संख्याशास्त्र आणि क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचे मोफत सॉफ्टवेअर पुढच्या वर्षभरात शिकून घ्या. मुलींना हे जमत नाही असे कोणी म्हटले तर बारावीच्या विज्ञानाची गुणपत्रिका त्याच्यापुढे ठेवा.

एमए कोठे करावे, तर माझा कल बाहेर जाण्याकडे आहे. पदवीसाठी नाशिक पुरते. त्यानंतर तुम्हाला तुमच्यापेक्षा जास्त वाचलेले वर्गमित्र हवेत. पुणे विद्यापीठाच्या विभागांत प्रवेश परीक्षा देऊन जाता येते. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ साली सुरू झाला, गो. स. घुर्ये यांनी तेथे अनेक वर्षे अध्यापन केले. तोही पर्याय आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्था, हैदराबादचे केंद्रीय विद्यापीठ किंवा जेएनयू हवे असेल, तर सीयूईटी-पीजी ही परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज साधारणपणे हिवाळ्यात निघतात आणि तृतीय वर्षाची परीक्षा होण्याआधीच ती होऊन जाते, त्यामुळे निकाल लागल्यावर चौकशीला निघणाऱ्यांचे वर्ष वाया जाते. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे आणखी एक वाट तयार झाली आहे : तीन वर्षांवर न थांबता चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घेतली, तर एमए एका वर्षाचे होते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर चौथे वर्ष संशोधनासह करता येते. कागदावर हे आकर्षक आहे. पण ज्या महाविद्यालयात तीन वर्षांचे तास तासिका तत्त्वावर भरावे लागतात, तेथे चौथ्या वर्षी संशोधनाला मार्गदर्शन कोण करणार, हे विभागप्रमुखांना स्पष्ट विचारा. नाव घेऊन उत्तर मिळाले तरच त्या वाटेला जा, नाहीतर तीन वर्षांची पदवी घेऊन सरळ दोन वर्षांच्या एमएला बाहेर पडा.

घरचा विषय राहिला. वडील काही बोलत नाहीत, याचा अर्थ त्यांचा विरोध आहे असा लगेच घेऊ नका. समाजशास्त्र म्हणजे मुलगी नेमके काय शिकते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसेल. त्यांना टोळ्यांबद्दल विचारा. एकरी दर कधीपासून सुरू झाला, पूर्वी रोजंदारी होती का, मुकादम बदलला तर काय होते, कोणत्या वर्षी मजूर मिळाले नाहीत आणि तेव्हा काय केले. यातले बरेच काही तुमच्या एकाही पुस्तकात नाही आणि ते त्यांना तोंडपाठ आहे. आईशी बोलताना भावनेवर जाऊ नका. एमएला प्रवेश कोणत्या महिन्यात होतो, वसतिगृह कोठे आहे, वर्षाचा खर्च अंदाजे किती, महाडीबीटीवर कोणती शिष्यवृत्ती लागू पडते, हे एका कागदावर लिहून तिच्या हातात द्या, आणि स्थळे पाहणे दोन वर्षे लांबले तर तिला नेमकी कशाची भीती वाटते ते तिलाच बोलू द्या. त्या भीतीला तुमच्याकडे कदाचित लगेच उत्तर नसेल, तरी ती माहीत असलेली बरी.

क्लासचा हप्ता या महिन्यात भरू नका. तसे मामांना तुम्ही स्वतः फोन करून सांगा, आईमार्फत निरोप पाठवू नका. राज्यसेवा मुख्य परीक्षेच्या वर्णनात्मक प्रश्नपत्रिका आणि समाजशास्त्राचा वैकल्पिक अभ्यासक्रम मिळवून सुट्टीत एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवीन, आणि कोठे अडते ते पाहून तृतीय वर्षाच्या सुरुवातीला क्लासचे ठरवीन, असे त्यांना सांगता येईल. त्यांनी तरीही आग्रह धरला, तर क्लास मध्येच सोडल्यास किती रक्कम परत मिळेल हे क्लासकडून लेखी मागवा, आणि ते हाती येईपर्यंत पैसे देऊ नका.